तेलाच्या डब्यातला बिनमुंडक्या

घरातच दुकान असलं की किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. उंबऱ्यावर माती साचते तसे ते आपोआप साचतात. सकाळी झाडून काढावेत, तर संध्याकाळी पुन्हा तेवढेच! त्यातून आमचं दुकान बाहेरच्या खोलीत आणि त्याचं एक यंत्र माझ्या स्वयंपाकघरात. म्हणजे दोन्हीकडून साचायचे. मला लिहायला येत नाही. मी सांगते आणि नात लिहून घेते. मधेमधे ती हसत बसते, म्हणून एखादा शब्द सुटला तर तिला बोल लावा.

गोष्ट दोन हजार साल उजाडायच्या जरा आधीची. आम्ही देवळाली प्रवरात राहतो. माझे मालक साखर कारखान्यातून रिटायर झालेले, सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. म्हणून मीही इथं तात्याच म्हणते. मुलगा दत्ता त्याच कारखान्यात इलेक्ट्रिशियन. सून मंगल बारावी शिकलेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. रस्त्याकडच्या खोलीत या दोघांनी दोन कॉम्प्युटर मांडले आणि लग्नपत्रिका करायचं दुकान काढलं. एका कॉम्प्युटरवर मंगल, दुसऱ्यावर शिफ्ट सुटली की दत्ता.

पहिल्याच लग्नसराईत मंगलच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली. हार्ड डिस्क म्हणजे त्याची कणगी. जे काय लिहिलं ते सगळं तिच्यात. कणगीच बसली, तर आतल्या तयार पत्रिका कुठून निघणार? लोक चिडले, तोंडाला येईल ते बोलले आणि राहुरीला गेले.

तात्या म्हणाले, "खोली मेडिकलवाल्या शेठला देऊन टाकू. त्याच्या बाटल्या तरी आपोआप गायब व्हत न्हाईत."

मंगल सासऱ्यापुढं कधी तोंड उघडत नसे. त्या दिवशी उघडलं. "तात्या, एक लग्नसराई द्या मला. आमी तिसरं मशीन बनवतो. दोन्ही कॉम्प्युटरचं काम वायरीतनं त्याच्यात जाऊन साठंल. हे दोन्ही बसले तरी पत्रिका ऱ्हातील."

"आनि तिसरंच बसलं म्हंजे?"

"त्याच्यात दोन डिस्क घालायच्या. रोज एकीतलं दुसरीत उतरवायचं."

"आनि तरी एखादी पत्रिका हरवली तर?"

मंगल एकदा खोलीकडं बघून म्हणाली, "तर खोली शेठची."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात पत्रिका म्हणजे कोर्टाची तारीख झाली.

*

नवीन सामान आणायचा विषयच नव्हता. दत्ताचा दोस्त विलास बाजारपेठेत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करायचा. राहुरीत एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला होता, त्याचं भंगार विलासनं उचललं आणि कांद्याच्या पोत्यात भरून मोपेडवर आणलं.

तात्या ओट्यावर बसले होते. त्यांनी पोत्यात हात घातला, एक हिरवी पाटी बाहेर काढली आणि उलटीसुलटी करून बघितली.

"विलास, औंदा कांदा लई चपटा आलाय!"

"तात्या, मदरबोर्ड हाय त्यो."

"आनि ह्यो?"

"त्यो बी मदरबोर्ड. पन गेलेला."

"आनि ह्यो?"

"ह्याचं सांगता येत न्हाई."

तात्यांनी पोतं पायानं सरकवलं. "एवढी मढी एका जागी आनून जित्तं काय व्हनार हाय?"

विलास हुशार. म्हणाला, "तात्या, ह्यातलं पुरतं मेलेलं कोनीच न्हाई. कुनाचा पाय गेलाय, कुनाचा हात. चांगलं चांगलं काढून घ्यायचं आनि एक मानूस उभा करायचा."

"मग मुंडकं घ्यायला इसरू नको!"

आणि नेमकं तेच पोत्यात नव्हतं. मॉनिटर सगळे फुटलेले. मंगल म्हणाली, "काही बिघडत न्हाई. ह्या मशीनला पडदा लागतच न्हाई. ह्यानं नुसतं गप बसून सांभाळायचंय."

तात्या माझ्याकडं बघून म्हणाले, "एवढं शहानं ह्या घरात पयल्यांदाच येतंय."

*

मशीन ठेवायला पेटी हवी होती. मंगलनं माझ्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर डोळा ठेवला. पंधरा किलोचा, चौकोनी, झाकणाचा. मी त्यात बाजरी भरणार होते. विलासनं एक बाजू कापली, आत पाटी उभी केली, पंखा बसवला. धूळ जाऊ नये म्हणून पंख्यापुढं माझी मैद्याची चाळणी ठोकली. बाजरी गेली, मैदाही गेला! मी म्हटलं, आता लाटणं घ्यायला कधी येता तेवढं सांगून ठेवा.

पहिल्यांदा बटण दाबलं, तर पाटी पत्र्याला टेकलेली. चट्ट करून ठिणगी उडाली आणि वास सुटला. विलास म्हणाला, "काकू, काहीतरी रबराचं द्या. पाटी आनि पत्रा लांब ऱ्हायला पायजे."

मी म्हटलं, "मागल्या दाराला बघ काय मिळतं ते."

त्यानं बघितलं. एक रबरी चप्पल मिळाली, तिचे तुकडे केले, पाटीखाली ठेवले. मशीन झक्क सुरू झालं! सगळे टाळ्या वाजवतात तोवर तात्या एका पायात चप्पल घालून आत आले.

"माझी दुसरी कुठाय?"

मशीन तेवढं घरघरत होतं. तात्यांनी वाकून डब्यात बघितलं. त्यांना निळा पट्टा दिसला.

विलास म्हणाला, "तात्या, मला वाटलं जुनी हाय."

"जुनी कशावरून?"

"तुमची म्हनल्यावर नवी कुठनं असनार?"

तात्या महिनाभर कारखान्याचे बूट घालून हिंडले. परसाकडंसुद्धा!

*

दुकानातला पडदा आणि कीबोर्ड जोडून मशीन चांगलं चालायचं. मग दोन्ही काढून डबा स्वयंपाकघरात, माझ्या पाटावरवंट्याशेजारी ठेवला, की बंद! उचलून पुन्हा दुकानात नेला, पडदा आणि कीबोर्ड जोडला, की चालू! पुन्हा आत आणला, बंद! दत्ता आणि विलास डबा घेऊन दिवसभर आतबाहेर करत होते. नवी नवरी पण एवढे उंबरे ओलांडत नाही.

शेजारची शेवंता दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "माझं ऐका. तुमच्या स्वयंपाकघरातच काहीतरी हाय. बिनमुंडक्याची वस्तू तिथं ठेवली की तिला बाधतंय."

तात्या या बाबतीत फार कडक. "शेवंता, भुताखेताचं आमच्या उंबऱ्याच्या भायेर. आत फकस्त वायरी!"

पण नाव काही त्या दिवसापासून सुटलं नाही. बिनमुंडक्या तो बिनमुंडक्याच.

शेवटी मंगलनं पडदाच स्वयंपाकघरात आणला. कीबोर्ड न जोडता नुसता पडदा लावला आणि वाचून दाखवलं. इंग्रजीत लिहून आलं होतं, तिनं मराठीत सांगितलं, "कीबोर्ड सापडत नाही. पुढं जायचं असेल तर कीबोर्डवरचं बटण दाबा."

म्हणजे दिवसभर तो बिचारा अंधारात बसून हेच म्हणत होता आणि ऐकणारं कोणी नव्हतं!

तात्या म्हणाले, "हात न्हाईत म्हनून अडून बसलाय, आनि वर म्हनतोय टाळी वाजवा?"

"व्हय तात्या."

"विलास, खरं सांग. ह्याला सरकारी हापिसातनं आनलाय का?"

मग विलासनं त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन सांगून ठेवलं की कोणी नसलं तरी सुरू व्हायचं, रुसायचं नाही. तेवढं त्यानं ऐकलं. आमच्या घरात सांगून ऐकणारा तो पहिलाच.

*

ज्या दिवशी दोन्ही कॉम्प्युटरवरून पत्रिका डब्यात जायला लागल्या त्या दिवशी विलास नारळ घेऊन आला. आम्ही बौद्ध. घरात बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती, फुलं, तेवढंच. तात्या म्हणाले, "विलास, आमच्यात नारळ फोडत न्हाईत. आनि फोडला असता तरी पानी मशीनमदी गेलं असतं. तवा दोन्ही बाजूंनी नको."

विलास हिरमुसला. "मग कुंकवाचं बोट तरी? एवढ्या कष्टानं उभा केलाय."

तात्यांनाही वाईट वाटलं असणार. म्हणाले, "तुझ्या समाधानाला लाव. पन चिमूटभर."

विलासनं शेवंताकडून कुंकू आणलं, बोट बुडवलं आणि डब्यापुढं उभा राहिला. पुढून बघितलं तर चाळणी. वरून बघितलं तर झाकण. मागं सगळ्या वायरी. डब्याभोवती हिंडून पुन्हा पुढं आला, बोट तसंच वर!

मंगलला हसू आवरेना. "विलासभाऊ, मुंडकंच न्हाई तर कपाळ कुठं हुडकताय?"

विलासनं जरा विचार केला आणि बोट स्वतःच्याच कपाळाला लावलं.

तात्या म्हणाले, "बरोबर जागी लावलं. बिघडल्यावर बसायचं तुलाच हाय!"

*

थंडी पडली की आमच्याकडं दही लागत नाही. चुलीच्या कडेला ठेवा, घोंगडीत गुंडाळा, सकाळी पातळ दूधच. एक दिवस पीठ मळताना माझी पाठ डब्याला लागली. बघते तर झाकण कसं छान कोमट! मी विरजणाचं पातेलं उचललं आणि ठेवलं झाकणावर. सकाळी सुरीनं कापावं असं दही!

चार दिवस कोणाला पत्ता नाही. पाचव्या दिवशी मंगलनं बघितलं. तिच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आत्या! दूध सांडलं म्हंजे?"

"सांडलं तर मांजर हाय."

"आत्या, सगळ्या गावाची लग्नं आहेत त्याच्यात!"

तिचा चेहरा बघून माझं मन चुकचुकलं. मी पातेलं उचललं. तेवढ्यात तात्या पानावर बसलेले, ताटातलं दही संपवून वाटी पुढं करत म्हणाले, "मंगल, खरं सांगतो, तुझ्या मशीनचं पयलं काम मला पसंत पडलं."

शेवटी विलासनं तोडगा काढला. डब्यावर काही ठेवायचं नाही, पण पंख्याची गरम हवा जिकडून बाहेर पडते तिकडं विटेवर पातेलं ठेवायचं. थंडी संपेपर्यंत मंगलच्या पत्रिका डब्याच्या आत आणि माझं विरजण डब्याच्या मागं. तात्या रोज संध्याकाळी विचारायचे, "मशीन चालू हाय ना?" मंगलला वाटायचं, सासऱ्यांना दुकानाची काळजी लागली.

*

माझी थोरली बहीण, आक्का, पाथर्डीकडची. दरसाल ऊसतोडीला टोळीबरोबर यायची. कारखान्याजवळ पाचटाचं खोपट, कोपी म्हणतात ती, घालायची आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडं अंघोळीला, जेवायला. आक्काला मोकळं, लोंबतं काही बघवत नाही. पदर सुद्धा तिचा खोचलेलाच.

दुकानातून स्वयंपाकघरात जाणारी काळी वायर अंगणाच्या भिंतीवरून गेलेली. डब्याला जोडून उरलेली वायर परत अंगणात काढलेली, तिचे वेढे खाली लोंबायचे. आम्ही सगळे जेवणात. आक्कानं ते वेढे गोळा केले, उसाची मोळी बांधतात तशी पाचटाची पेंडी पिळली आणि गुडघा लावून आवळून बांधले! वायरीच्या शेवटच्या टोकाला एक पितळी टोपण होतं. तेही फिरवून काढलं आणि कोनाड्यात ठेवलं.

दोन्ही कॉम्प्युटर मुके. डब्यातलं काही दिसेना. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं, त्याची पत्रिका त्याच दिवशी छापायला जायची. मंगल घामाघूम. विलासनं डबा उघडला, दुकानातली मशीनं उघडली, पंखा सुद्धा काढून बघितला. अंगणात यायचं कोणाला सुचेना. शेवटी हात धुवायला आला तेव्हा त्याला मोळी दिसली.

"ही गाठ कुनी मारली? सुटंना!"

आक्का म्हणाली, "सुटंल कशी? फडापासून कारखान्याच्या काट्यापर्यंत सुटत नसती ती."

"आनि टोकाचं टोपन?"

"ते म्या काढलं. ही वायर इथंच संपती, पुढं कुठंच जाईना. जिला कुठंच जायचं न्हाई तिला टोपी काहून पायजे?"

विलासनं टोपण शोधून पुन्हा बसवलं. आत मंगल ओरडली, "आलं! सगळं आलं!"

विलास म्हणाला, "बघा आक्का, टोपी काढली की सगळी वायर मुकी व्हती."

आक्का अजिबात खजील झाली नाही. "मग आमच्या मुकादमासारखीच म्हन की! त्याच्या डोक्यावरची टोपी काढली तर त्याचं बी कोनी ऐकायचं न्हाई."

*

आता ज्या दिवशी खोली खरंच जाता जाता राहिली तो दिवस सांगते.

पत्रिका करणारे कोरी पत्रिका कधी करत नाहीत. मागची एखादी उघडायची, नावंगावं बदलायची, झाली नवी. मंगल आणि दत्ता दोघंही तसंच करायचे आणि चालू पत्रिकेला दोघंही कॉम्प्युटरवर 'लग्न' एवढंच नाव द्यायचे. आधी दोघांची मशीनं वेगळी, मंगलचं लग्न मंगलच्यात, दत्ताचं दत्ताच्यात. आता दोघांची कणगी एक. आणि त्यात 'लग्न' एकच मावणार!

मंगलनं राहुरीच्या एका गुरुजींच्या मुलीची पत्रिका तयार करून ठेवली. नवरा कोपरगावचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दत्ता आला, त्यानं तीच उघडली. मिरजगावचं एक काम होतं. त्यानं नवऱ्याकडची बाजू बदलून मिरजगावची घातली, नवरीकडची उद्या बदलू म्हणाला आणि जेवायला बसला.

सकाळी मंगलनं 'लग्न' छापून गुरुजींच्या हातात दिलं.

गुरुजींनी चष्मा लावला. तात्या ओट्यावर पेपर घेऊन बसलेले, पेपर त्यांनी खाली केला.

"मंगलताई, आमची पोरगी आम्ही कोपरगावला दिली ना?"

"व्हय गुरुजी."

"मग हे मिरजगावचे पाव्हणे कोण?"

मंगलच्या हातातली सगळी कागदं खाली पडली. तिला कळलं काय झालंय ते. कोपरगावचा नवरा पुसून गेला होता! ती तात्यांकडं बघेना, तात्या तिच्याकडं बघत राहिले. मी दारात. मला वाटलं, गेली खोली.

गुरुजी मात्र वाचतच होते. पुन्हा वाचलं. मग हळूच विचारलं, "हा मुलगा बी. एससी. ॲग्री आहे का हो?"

"व्हय," मंगल पडलेली कागदं उचलत म्हणाली.

"रस्त्यालगत शेती असेल त्यांची. मिरजगाव म्हणजे हायवेलाच." गुरुजींनी पत्रिका लांब धरून बघितली, मग जवळ धरून बघितली. "स्थळ चांगलं आहे हो. आधी का नाही दाखवलं?"

तोवर मंगल आत पळाली होती. रात्री एका डिस्कमधलं दुसरीत उतरवायचं काम दत्ता झोपायच्या आधी करायचा. पण मिरजगावचं काम केलं त्या रात्री जेवण झाल्यावर डोळा लागला म्हणून त्यानं ते केलंच नव्हतं! त्याच्या आळसानं घर वाचवायची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या डिस्कमध्ये त्याच्या आदल्या रात्री उतरवलेला कोपरगावचा नवरा जसाच्या तसा बसलेला होता. मंगलनं तो काढला, पत्रिकेत घातला, छापून गुरुजींना दिला.

गुरुजी गेल्यावर मंगल तात्यांपुढं उभी राहिली. "तात्या, सांगा काय ते."

तात्यांनी पेपर पुन्हा वर केला. पेपराआडून म्हणाले, "हरवला न्हाई. वाट चुकला. घरी आला ना? मग."

त्या दिवसापासून प्रत्येक पत्रिकेला नवरीचं नाव आणि गाव. 'लग्न' हा शब्द त्या दुकानात कोणी परत लिहिला नाही.

*

तेव्हा रोज लाईट जाणं ठरलेलंच. पण बिनमुंडक्याला तसंच एकदम मरू दिलं तर आतल्या पत्रिका मोडण्याची भीती. बॅटरी होती, पण ती जुनी, दोन घास भाकरी खाईस्तोवर चालायची. तेवढ्यात त्याला रीतसर झोपवायचं. दत्ता ड्युटीवर, मंगल गिऱ्हाइकात, डब्याजवळ कोण? मी.

विलासनं अर्धी बटणं निघालेला एक कीबोर्ड माझ्यासाठी जोडून दिला. मंगलनं आपल्या पाकिटातल्या कपाळाच्या टिकल्या काढून तीन बटणांवर लावल्या. तिन्ही एकदम दाबायची. डबा आतून टुई करतो. टुई झाली की भिंतीवरचं बटण बंद.

मला लई आवडलं ते काम. दुकानातल्या कॉम्प्युटरपुढं बसलं की सगळं वाचायचं असतं, आपण आपलं बघत राहायचं. ह्याला तोंडच नाही. वाचायलाच काही नाही, मग शिकलेला काय आणि मी काय!

मंगलचा भाऊ पुण्याला इंजिनियर. उन्हाळ्यात आला होता. लाईट गेली, मी भाकरीच्या पिठाचा हात झटकून तीन टिकल्या दाबल्या, टुई ऐकली, बटण बंद केलं, पुन्हा भाकरी थापायला घेतली. तो बघतच राहिला.

"मावशी, ह्याला स्क्रीन नाही. समजा ती टुई वाजलीच नाही, तर बंद पडलाय हे तुम्हाला कळणार कसं?"

"घरघर थांबती की."

"नुसत्या घरघरीवरून?"

मी म्हटलं, "का? तुमच्या पुन्याला माणूस गेल्यालं कशावरून वळखत्यात?"

त्यानं ताट पुढं करून भाकरी घेतली.

*

लग्नसराई संपत आली होती. शेवटच्या मुहूर्ताच्या पत्रिका तयार होऊन डब्यात होत्या, छापायला जायच्या बाकी. एवढ्या गेल्या की मंगल जिंकली. उन्हाळा मरणाचा, आम्ही सगळे स्लॅबवर झोपायचो.

पहाटे मी चहा ठेवायला खाली आले, तर दुकानाचं कुलूप तुटून लोंबत होतं. आत बघितलं. दोन्ही कॉम्प्युटर नाहीत. प्रिंटर नाही. छताचा पंखा नाही. गिऱ्हाइकाला बसायचं बाकडं पण नेलं! नुसती चार भिंतींची खोली, मधे तुटकी वायर.

माझ्या ओरडण्यानं सगळे खाली आले. मंगल उंबऱ्यावरच बसली. रडली नाही. तात्यांना म्हणाली, "घ्या तात्या. लग्नसराई संपायच्या आधीच खोली मोकळी झाली."

तात्या सरळ स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग. चोर तिथंही येऊन गेले होते. शेंगदाण्याचा डबा नेला, पितळी पातेली नेली. परवाच आणलेला तेलाचा भरलेला डबा, बिनमुंडक्याला खेटून ठेवलेला, तोही उचलला. तात्या खाली बसले. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा त्यांनी दुसऱ्या डब्यावर हात ठेवला. आतली घरघर चालू होती. मग उठले, धोतराचा सोगा नीट केला आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं हवालदार आले. दारात उभं राहून त्यांनी मोकळ्या खोलीकडं बघितलं.

"काय काय गेलं, आजोबा?"

"दोन तोंडं गेली," तात्या म्हणाले. "पोट शाबूत हाय."

"कुनाचं पोट?"

"आनि एक तेलाचा डबा. ते मातर लिहा. भरलेला हुता."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. मी मंगलकडं बघितलं. मंगलनं मान वर केली.

हवालदार जातायत तोवर मेडिकलवाले शेठ आले. माणूस वाईट नाही. आधी हळहळले, तात्यांच्या खांद्यावर हात ठेवला, चोरांना चार शिव्या दिल्या. मग खिशातून मोजपट्टी काढली.

"तात्या, वाईट झालं. पण आता मोकळीच झालीय, तर कपाटांचं माप घेऊन टाकतो. जरा एवढं टोक धरा."

तात्यांनी टोक धरलं. शेठ पट्टी ओढत ओढत समोरच्या भिंतीपर्यंत गेले, चष्मा कपाळावर चढवून आकडा बघायला लागले.

तेवढ्यात रस्त्यावर सायकल उभी राहिली. टाकळीमियाँचा एक शेतकरी, हातात पिशवी, डोक्यावर उपरणं. दारात येऊन त्यानं आत बघितलं. खोलीत काहीच नाही. एका भिंतीला शेठ, एका भिंतीला तात्या, मधे ताणलेली पट्टी.

"पोरीची पत्रिका टाकायची हुती," तो म्हणाला. "पत्रिकेचं दुकान हेच ना?"

तात्यांनी टोक सोडून दिलं. पट्टी सर्रकन जाऊन शेठच्या हातात आपटली.

"हेच की! या, आत या," तात्या म्हणाले आणि मोकळ्या फरशीवर मांडी घालून बसले. "शेठ, तेवढं बाजूला व्हा. गिऱ्हाइकाला जागा द्या. हां पाव्हणं, नवरी कुठली म्हनलात?"